संतोष दुसरा

संत्या, परवाच्या सोमवारी सकाळी तुझा फोन आला.

मी पोळ्या लाटत होते. ओट्यावर मोबाइल थरथरला आणि पडद्यावर तुझं नाव. पिठाच्या हातानेच उचलला. खोटं कशाला बोलू, तेवढ्या वेळात मला वाटून गेलं की झालं ते सगळं कुणाच्या तरी चुकीने झालं होतं आणि आता तू नेहमीसारखा 'काय गं गुरुजीच्या पोरी' म्हणून सुरू करणार. पलीकडून आवाज आला, "ताई, मी संतोष बोलून राहिलो."

आवाज तुझा नव्हता. तुमच्या तांड्यातल्या दुसऱ्या संतोषचा होता. म्हणजे खरं तर पहिल्या संतोषचा. दुसरा तू.

"याडीच्या घरून बोलून राहिलो," तो म्हणाला. तुझ्या आईला सगळा तांडाच याडी म्हणतो. "तुमचा नंबर याच फोनमधी व्हता म्हून याच्यावरून लावला. ताई, सेनगावच्या दवाखान्यात गेलतो, मिरगीच्या गोळ्या आणाया. काउंटरवरची पोरगी म्हने, हा पेशंट मयत हाय. म्या म्हनलं, बाई, मी जित्ता उभा हाय तुझ्यासमोर. ती म्हने, काका, मला दिसून राहिलं हो, पर कॉम्प्युटरमधी मयत हाय, चिठ्ठीच निघत न्हाई." मग म्हणाला, "काहून असं झालं असंल ताई? संतोष असता तर त्यालाच इचारलं असतं."

तव्यावरची पोळी जळाली. तू गेलास ते त्याच्या नावावर कसं चढलं, हे मला तो बोलत असतानाच कळलं होतं. आपण दोघांनी मिळून ती सिस्टिम उभी केली, मला नाही कळणार तर कुणाला? मी त्याला विचारलं, गोळ्या किती उरल्यात. म्हणाला, हायत थोड्या, एक दिवसाआड खाऊन राहिलो. मी त्याच्यावर ओरडले. असं करू नकोस म्हणाले, रोज खा, मी बघते. बघते म्हणजे काय करणार होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तुला आठवतं ना, पुसेगावच्या पुढच्या त्या तुमच्या तांड्यावरच्या शाळेत तो पहिल्यांदा पडला होता तो दिवस? पाण्याच्या टाकीजवळ आडवा, डोळे पांढरे, तोंडाला फेस. कुणीतरी चप्पल हुंगवायला निघालं होतं, बाबांनी त्याला झटकून बाजूला केलं आणि याला कुशीवर वळवून धरून बसले. तू अनवाणी त्याच्या आईला आणायला धावलास. त्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्याला बरीच वर्षं झटका नाही. ट्रॅक्टर चालवतो, मळणी यंत्रावर उभा राहतो, विहिरीवर एकटा जातो. गोळी चुकली आणि यापैकी एखाद्या ठिकाणी तो पडला तर काय होईल, हे तुला सांगायला नको.

तू त्याला आयुष्यभर 'माझी झेरॉक्स' म्हणत आलास. दोघांचं नाव संतोष, दोघांच्या वडलांचं नाव बाबू, दोघांचं आडनाव राठोड, आणि घरं भिंतीला भिंत लावून. त्या साली संतोष हे नाव तांड्यावर नवंनवं आलं होतं म्हणे, आणि ते आधी याडीला सुचलं की शेजारणीला, यावर त्या दोघी अजून भांडतात. बाबा तुमचे गुरुजी. त्यांनी हजेरीपुरतं मिटवून टाकलं, पुढे बसतो तो पहिला, मागे बसतो तो दुसरा. तू मागे बसायचास कारण तुला खिडकी लागायची.

आणि जन्मतारीख दोघांचीही एक जून, सालही एकच. तुमचीच काय, सगळ्या वर्गाची एक जून, सगळ्या तांड्याची एक जून. पुण्याच्या ऑफिसात मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लोक हसले होते, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. आपल्याकडे त्यात गंमत काहीच नाही. नाव घालायला आलेल्या आईबापाला जन्मतारीख विचारली की ते म्हणणार, ज्वारी हुरड्यात होती, किंवा मोठा पूर आला त्याच्या मागल्या महिन्यात. मास्तर तरी काय लिहिणार? शाळा जूनमध्ये उघडते, पोरगं तेव्हा सहा वर्षांचं पूर्ण भरलं पाहिजे, म्हणून एक जून. पुढे तीच तारीख दाखल्यावर, तीच आधारवर, तीच सगळीकडे. तू माझ्या बाबांना म्हणायचास, "गुरुजी, याडीनं मला जन्म दिला, पर जन्मतारीख तुमीच दिली." बाबा लाजायचे.

हे सगळं तुला सांगतेय जणू तुला माहीत नाही. पण मला ते एका ओळीत लावून बघायचंय, कारण याच गोष्टींवरून आपण इतकी वर्षं भांडलो.

आपलं काम काय, हे याडीला समजावताना तू जे म्हणाला होतास त्याहून सोपं मला अजून सांगता येत नाही. मी तिथेच होते, तुमच्या अंगणात. तू म्हणालास, "याडी, आपले आजे-पणजे लदेणी करायचे ना? बैलावर मीठ लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात? तेच हाय हे. एका कॉम्प्युटरातून माल काढायचा, वाटेत निवडायचा-पाखडायचा, दुसऱ्या कॉम्प्युटरात नेऊन उतरवायचा." याडी म्हणाली, "मग बैल कुठं हाय?" तू म्हणालास, "बैल मीच." ऑफिसात याला ईटीएल म्हणतात आणि त्याच्या सॉफ्टवेअरचे विक्रेते सूट घालून येतात. त्यांच्या चित्रांत सगळे बाण डावीकडून उजवीकडे सुरळीत जात असतात.

त्या ट्रस्टच्या दवाखान्यांचं काम आपल्या कंपनीला मिळालं तेव्हा तू नाचला होतास, कारण निम्मे दवाखाने आपल्या जिल्ह्यात होते. प्रत्येक दवाखान्याचं वेगळं दप्तर. एकाकडे जुनाट प्रोग्राम, एकाकडे एक्सेल, हट्टा गावच्या दवाखान्यात तर कंपाउंडरने स्वतःच्या सोयीने बनवलेलं काहीतरी, ते त्याच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हतं. ते सगळं रोज पहाटे उचलून एका मोठ्या सिस्टिममध्ये भरायचं, म्हणजे माणूस कुरुंद्याला दाखवू दे की हिंगोलीला, डॉक्टरला त्याचं सगळं समोर दिसावं. चांगलंच काम होतं. अजूनही चांगलंच आहे, म्हणून तर जास्त राग येतो.

पुण्यात नियम ठरला. नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख जुळली की माणूस एक, दोन नोंदी जोडून टाका. पाचही गोष्टी जुळणारे दोन वेगळे लोक असतीलच कसे, असं निखिल म्हणाला. आपला मॅनेजर, चांगल्या घरातला, स्वतःच्या जन्माची वेळसुद्धा मिनिटासकट माहीत असलेला. तू पाण्याची बाटली उघडून सावकाश प्यायलास आणि मग म्हणालास, "सर, माझ्या तांड्यात मीच दोन हाय."

तेव्हा कुणीतरी मोबाइल नंबरही तपासू म्हणालं. त्यावर मात्र तू खो खो हसलास. तांड्यावर निम्म्या लोकांनी प्रत्येक ठिकाणी तुझाच नंबर दिलेला असायचा. तुझा फोन सदा चालू, तुला इंग्रजी मेसेज वाचता येतो, मग रक्ताचा रिपोर्ट असो की गॅसचा ओटीपी, संतोषचा नंबर टाका. पहिल्या संतोषच्या केसपेपरवरही तुझाच. म्हणजे पाचाच्या जागी सहा गोष्टी जुळत होत्या.

मग तू तो थांबा बनवलास. आपल्याकडच्या संशयास्पद जोड्या मशीनने जोडायच्या नाहीत, बाजूला काढून ठेवायच्या. आणि सकाळी हिंगोलीच्या तुझ्या त्या खोलीत बसून तू फोन लावायचास. गावोगावच्या आशाताईंना, सरपंचाला, किराणावाल्याला, कधी सरळ त्या माणसालाच. "हा कोणता? धाकल्या गल्लीतला की मारुतीपाशी राहते तो?" दुपारपर्यंत सगळ्यांचा निवाडा. लॉकडाऊननंतर तू पुण्याला परत आलाच नाहीस, आणि मला वाटतं याचं एक कारण हे फोनच होते. तुला त्यात मजा यायची.

मला मात्र त्याचा वैताग यायचा, आणि तो मी कधी लपवला नाही. मी म्हणायचे, संत्या, हे पद्धतशीर कर. कोणत्या गावात कुणाला विचारायचं, काय विचारायचं, हे सगळं सिस्टिममध्ये आण. दुसऱ्या कुणालाही करता आलं पाहिजे. तू म्हणायचास, "दुसऱ्या कुणाला आशाताई सांगतील का? त्या मला सांगतात, कारण मी आधी त्यांच्या म्हशीची चौकशी करतो." मी म्हणायचे, तू काय कायमचा बसणार आहेस का? तू म्हणायचास, "मग कुठं जाणार हाय मी? अमेरिकेला?" या वाक्यावर आपलं भांडण दर वेळी तुटायचं, कारण मला हसू यायचं. आता येत नाही.

मी बरोबर होते, संत्या. हे मला तुझ्या तोंडावर सांगायचंय आणि तोंड उरलेलं नाही. मशीनने थांबून विचारलं पाहिजे हे तुझं शंभर टक्के खरं, पण तो थांबा तू स्वतःच्या खांद्यावर उभा केलास. तू उठून गेलास आणि तो खाली आला.

आणि गेलास ते तरी कसा! छातीत दुखतंय हे मला तू स्वतः सांगितलंस, फोनवर, हसत. अॅसिडिटी आहे, गोळी घेतलीय, परभणीचे नवे दवाखाने जोडायचेत, एवढा आठवडा जाऊ दे मग दाखवतो. मी म्हणाले आत्ताच्या आत्ता जा. तू म्हणालास, "जातो गं माझे माय." दवाखान्यांच्या सिस्टिमवर दिवसभर बसणारा माणूस, पाच मिनिटांच्या वाटेवर ट्रस्टचं हिंगोलीचं हॉस्पिटल, आणि तू आयुष्यात एकदाही तिथे केसपेपर काढला नाहीस. शेवटी काढला तो तुझ्या घरमालकाने, तुला रिक्षातून उतरवून घेतल्यावर. नाव संतोष बाबू राठोड. गाव तेच. जन्मतारीख आधारवरची, एक जून. नंबर तुझा. आणि तासाभरात त्याच कागदावर पुढचा शेरा.

आपल्या सिस्टिममधली तुझी पहिली नोंद म्हणजे तुझा मृत्यू. दुसरी नव्हतीच. ती एकटी नोंद वर गेली आणि मशीनला आधीपासून तिथे असलेला संतोष बाबू राठोड सापडला.

थांबा चालू असता तर ती तिथे अडकली असती. पण तो आपल्या शूर कंपनीने बंद केला होता. तुझ्यासाठी ऑनलाइन शोकसभा घेतली, दोन मिनिटं सगळ्यांचे माइक बंद. निखिलने तुझ्या 'एनर्जी'बद्दल सांगितलं. कुणीतरी रडणाऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकलं, कुणीतरी चुकून अंगठा दाखवला. आणि सभा संपता संपता निखिल म्हणाला, प्रज्ञा, तू जरा थांब. मला वाटलं घरच्यांची विचारपूस करेल. त्याला तुझ्या लॅपटॉपचा पासवर्ड हवा होता. बाजूला काढलेल्या जोड्या तुंबत चालल्या होत्या, बघायला कुणी नव्हतं, ट्रस्ट विचारत होता.

मी म्हणाले, मी बघते, मला चार दिवस द्या, मी गावाला जाते, आशाताईंशी ओळख करून घेते. तो म्हणाला, त्याची गरज नाही, ती पायरीच काढून टाकू, अगं तूच तर म्हणायचीस की हे सगळं एका माणसावर अवलंबून आहे. त्याने माझाच जुना मेल उघडून दाखवला. मी म्हणाले होते की लिहून काढ, इतरांना शिकव. बंद कर असं मी कधी म्हणाले? पण मेलमधली हवी तेवढी ओळ उचलायची आणि बाकीची टाकून द्यायची, हेही आपल्याच धंद्यातलं कसब. तुझे दिवससुद्धा झाले नव्हते तेव्हा ती पायरी गेली.

तर पहिल्या संतोषचा फोन आल्यावर मी निखिलला गाठलं. त्याला वाईट वाटलं, तेवढं म्हणते. मग म्हणाला, दवाखान्यातच दुरुस्त करायला सांग ना. तिथल्या पोरीने ते आधीच केलं होतं, मी तिच्याशी बोलले. चांगली पोरगी आहे. दुरुस्त्या दुपारनंतरच करता येतात, म्हणून ती रोज दुपारी त्याला जिवंत करायची आणि आपली सिस्टिम रोज पहाटे हिंगोलीचा कागद पुन्हा उचलून त्याला मारायची. चिठ्ठी द्यायचा अधिकार असलेला डॉक्टर तिथे येतो सकाळी, तेव्हा हा मेलेलाच असायचा. ती म्हणाली, "मॅडम, मी काकांना तोंडानं काय सांगू आता? ते रोज येऊन बसून राहिले." मी थांबा परत सुरू करा म्हणाले तर निखिल म्हणाला, त्याला ट्रस्टची मंजुरी लागेल, पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेऊ.

मी ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं.

आधी हट्ट्याला उतरले, बाबांकडे. बाबा आता फार बोलत नाहीत, ऐकूही कमी येतं. तुझी बातमी मी फोनवर सांगितली होती तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं, कोणता? आता समोर बसून सगळं सांगितलं. एक जूनवर आले तसे ते ताठ झाले. "मग काय लिवायचं होतं मी?" म्हणाले. "कोरी जागा ठेवली असती तर पोरगं शाळेतच बसू दिलं नसतं साहेबानं. मी पोरं वर्गात बसवली. बाकीचं मला काय ठाऊक?" मी म्हणाले, बाबा, तुम्हाला कोण काय म्हणतंय? मग ते म्हणाले, "मी त्यांना पहिला-दुसरा म्हणत होतो. तेवढं त्या मशीनला सांगून बघ."

मी हसले नाही, कारण कामाची गोष्ट तीच होती. मशीनला तुम्हा दोघांत एक फरक दाखवायचा, जुळणीच्या आधी. त्यासाठी एक दुरुस्तीचा तक्ता आपल्याकडे आहे आणि त्यात लिहायचा अधिकार मला आहे. पण लिहायचं काय? नाव खरं, गाव खरं, वडील खरे. खोटं काय ते एकच होतं, तारीख.

तांड्यावर पोचले तेव्हा दुपार होती. याडी ओसरीत बसलेली. तुझा फोन तिच्या ओटीत, चार्ज केलेला. अजून तांड्यातल्या सगळ्यांचे मेसेज त्याच्यावर येतात आणि टुंग वाजलं की ती तो उचलून आत-बाहेर कुणी वाचणारं आहे का बघते. मला बघून रडली नाही. म्हणाली, "तू काहून आली एवढ्या लांब, सुट्टी हाय का?" पहिला संतोष हातात टोपी घेऊन उभा होता, जसा काही त्यानेच गुन्हा केलाय. "ताई, याडीसमोर मला लाज वाटून राहिली," म्हणाला. "तिचं पोरगं गेलं आन् मी जित्ता हाय म्हून भांडून राहिलो."

याडी त्याच्यावर खेकसली. "गप बस. एक गेला, दुसऱ्यालाबी घालवू का मी? बस खाली."

मग मी तिला विचारलं, याडी, संतोष खरा कधी जन्मला? तिने क्षणाचाही वेळ घेतला नाही. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, तूसुद्धा नाही. "धुळवडीच्या दिशी," म्हणाली. "समदा तांडा बाहेर लेंगीची गानी म्हनून राहिला व्हता, डफ वाजून राहिला व्हता, आन् मी आत एकटी. सुईणबी नाचाया गेलती. माझं वरडनं कुनाला ऐकूच आलं न्हाई." आणि हा? मी पहिल्याकडे बोट केलं. "हा त्याच्या आधीच्या दिवाळीचा. गुरुजीनं दोघांचं एकच करून टाकलं." मग मला वाईट वाटेल म्हणून म्हणाली, "गुरुजी चांगला मानूस. पोरं त्याच्यामुळं शिकली."

फोनवर त्या सालचं पंचांग काढलं, धुळवडीची तारीख बघितली. लॅपटॉप मांडीवर घेतला. पहिला संतोष तुझ्या मोबाइलला रेंज यावी म्हणून तो हातात धरून अंगणाच्या कोपऱ्यात उभा राहिला, माझं नेट त्याच्यावरून चाललं होतं. मी तुझ्या नोंदीवर दुरुस्ती उघडली. जन्मतारीख बदलली. मग सिस्टिमने तुझ्यासाठी एक नवा, वेगळा माणूस तयार केला, आणि त्या माणसाचा पुढचा रकाना कोरा. स्थिती. जिवंत की मयत, एक निवडा. जुनी नोंद तोडली की ते पुन्हा हाताने भरावं लागतं, हे मीच एकदा बैठकीत हट्टाने करून घेतलेलं.

मी तुझ्या चितेला आले नव्हते. पुण्याहून पोचेपर्यंत आटोपलं होतं. शोकसभेत कॅमेरा बंद ठेवला. इतके दिवस मी सगळ्यांवर चिडून काढले, निखिलवर, कंपनीवर, तुझ्यावर तर सगळ्यात जास्त, आणि त्या चिडण्यात मला एक गोष्ट करावी लागली नव्हती. ती आता याडीच्या ओसरीत, तिच्या शेजारी बसून करायची होती. याडी पडद्याकडे बघत होती. तिला वाचता येत नाही हे बरं की वाईट, मला ठरवता आलं नाही. "काय लिवून राहिली?" तिने विचारलं. मी म्हणाले, तुमच्या संतोषचं नाव वेगळं काढतेय, याडी. ती म्हणाली, "काढ बाई. नीट काढ."

मी 'मयत' निवडलं. बटण दाबताना मला अगदी वेड्यासारखं वाटत होतं की हे आता अडेल. निदान एकदा तरी विचारेल. काही विचारलं नाही. नोंद जतन झाली, असं हिरव्या अक्षरांत आलं आणि मी मान वळवून भिंतीकडे तोंड करून रडले. याडीचा हात पाठीवर आला तसं आणखीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला संतोष सेनगावला गेला. मी तांड्यावरच थांबले होते, याडी सोडत नव्हती. डॉक्टर यायच्या वेळेला त्याचा फोन आला, दवाखान्यातूनच, काउंटरच्या त्या पोरीच्या मोबाइलवरून. "ताई, निघाली चिठ्ठी. गोळ्या भेटल्या. मी जित्ता हाय." मग म्हणाला, "एक इचारायचं व्हतं. ही पोरगी म्हनून राहिली, केसपेपरवरचा नंबर आता चालायचा न्हाई, दुसरा द्या. तिथं संतोषचाच हाय. आता कुनाचा देऊ?"

मी म्हणाले, माझा दे.

त्याने एकेक आकडा तिला सांगितला, चुकला, परत सांगितला. मागून तिचा आवाज आला, "आणि या तुमच्या कोण लागतात काका? इथं नातं लिहावं लागतं." तो म्हणाला, "लिवा, संतोषच्या जागी हायत."

मला ती जागा नको होती, संत्या. तिथे तूच हवा होतास.